मागच्या फळीतला कर्णधार

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. शाळा सुटल्यावर एक पालक आम्हाला भेटायला आले. भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात ते स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. बोटांच्या पेरांत काळी पूड कायमची बसलेली. खिशातून वर्तमानपत्राची चौकोनी घडी काढून त्यांनी आमच्या टेबलावर ठेवली. बातमी अशी होती की बंगळुरू एफसी या फुटबॉल क्लबने पहिल्या संघातील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले आहेत.

"सर, तुम्ही मुलांना ज्याचं नाव सांगता, तो भेके ह्याच क्लबात आहे ना?"

आम्ही होकार दिला.

"त्याचा पगार थांबतो, तर माझ्या पोराला कोण विचारणार?"

पोरगा नववीत. नेताजी सुभाषचंद्र बोस मैदानावर बॅकला खेळतो आणि चांगला खेळतो. अभ्यासात बेताचा. वडिलांची इच्छा एवढीच होती की आम्ही त्याला फुटबॉल सोडायला सांगावे, कारण घरात तो कोणाचे ऐकत नाही आणि सरांचे ऐकतो. आम्ही त्यांना चार दिवसांची मुदत मागितली. इतिहास शिकवणाऱ्याला सवय असते, प्रश्न आला की आधी मागे वळून पाहायचे. मुर्ध्याच्या खोलीवर परतलो आणि वही घेऊन बसलो. त्या वहीतले बरेचसे इथे उतरवत आहोत.

वाचकहो, आपल्यापैकी काहींना वाटेल, मुस्लिम लेखकांच्या वार्षिकात राहुल भेके कशाला? आपला कोणी नाही का? आपले पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबद्दल पुढे येईलच. पण आमच्या वर्गातल्या मुलांना मराठी आडनावाचा, मुंबईत जन्मलेला, देशाकडून खेळलेला बचावपटू दाखवायचा म्हटले तर बोट भेके यांच्याकडेच जाते. आणि त्यांच्या कारकिर्दीत चर्चगेट-विरार लाइनवरच्या फुटबॉलची सगळी कहाणी एकामागून एक स्टेशने लागावीत तशी लागते.

आधी बॅकबद्दल थोडे. फुटबॉलच्या नोंदी ज्यांनी गोल केले त्यांच्या नावावर लिहिल्या जातात. सामन्याचा निकाल छापतात तेव्हा कंसात गोल मारणाऱ्याचे नाव आणि मिनिट येते. जो गोल झाला नाही त्याचे मिनिट कोणी लिहीत नाही. बचावपटू कागदावर येतो तो बहुधा चुकीमुळे. स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला, पेनल्टी दिली, लाल कार्ड मिळाले, की नाव आले. आम्ही मुलांना जुने निकाल काढून दाखवले तेव्हा त्या नववीतल्या मुलाने विचारले, "सर, बॅक कुठे लिहिले आहेत?" इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न नवा नाही. आपल्या पुस्तकांतही किल्ला घेणाऱ्याचे नाव असते, तट राखणाऱ्यांचे क्वचित.

शंभर वर्षांपूर्वी संघात दोनच बॅक असत. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला, आघाडीच्या खेळाडूंना मोकळीक मिळाली आणि इंग्लंडमध्ये तिसरा बॅक मधोमध आणून उभा केला गेला. आपल्याकडे मात्र दोन बॅकची पद्धत पुढेही बरीच वर्षे चालली, तीही अनेकदा अनवाणी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले, त्या संघाचे कर्णधार सैलेन मन्ना हे बॅकच होते. आदल्याच वर्षी, १९५१ मध्ये, दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळाले तेव्हाही कर्णधार तेच. दहा गोल खाल्लेला आणि सुवर्ण जिंकलेला कर्णधार एकच माणूस होता, हे मुलांना सांगितले की वर्ग शांत होतो.

मन्ना यांनी मोहन बागानसाठी १९ वर्षे घालवली. पण त्यांचे घर चालले ते जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातल्या नोकरीवर. क्लबासाठी खेळायचे आणि भाकरी नोकरीची खायची, अशी ती रीत होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण त्या पालकांच्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

आता मुंबईकडे येऊ. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेले की कूपरेज लागते. रोव्हर्स कप ही स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली. सुरुवातीची पुष्कळ वर्षे ती गोऱ्या पलटणींचीच मिरास होती. पलटणीबाहेरच्या हिंदी संघाने हा कप पहिल्यांदा जिंकला तो १९३७ मध्ये, आणि त्या संघाचे नाव होते बंगलोर मुस्लिम्स. १९३८ मध्ये त्यांनी तो पुन्हा नेला. १९४० मध्ये कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकला. ह्याच मोहमेडनने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कोलकाता लीग घेतली होती, आणि १९४० मध्ये दिल्लीला रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला हरवून ड्युरंड कपही. त्या काळच्या मोहमेडनचे आघाडीवीर रशीद, रहीम यांची नावे अजूनही जुन्या लोकांच्या तोंडी असतात. त्याच संघात मागे जुम्मा खान नावाचे बॅक होते. त्यांचे नाव आम्ही घेतले तेव्हा ज्येष्ठ सहकाऱ्यांपैकी एकानेच मान हलवली.

मग आले हैदराबाद पोलीस. १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वेळा रोव्हर्स कप त्यांनी मुंबईतून उचलून नेला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, १९५६ पर्यंत. म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेडच्या माणसांना तो संघ परका नव्हता. त्यातले बचावपटू सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन १९५२ आणि १९५६ अशा दोन ऑलिंपिकना गेले. आणि ह्या संघाला घडवणारे उस्ताद सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर होते! २०२४ मध्ये त्यांच्यावर 'मैदान' नावाचा सिनेमा आला, तेव्हा आमच्या मुलांना ते कळले. आम्हाला मात्र त्यांचे सगळ्यात मोठे काम जकार्ताचे वाटते. १९६२ च्या आशियाई खेळांत बचावपटू जर्नैल सिंग यांच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. रहीम साहेबांनी त्यांना मागे न ठेवता पुढे आघाडीला उभे केले. जर्नैल यांनी उपान्त्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला, आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण घेतले. पुढे जर्नैल भारताचे कर्णधार झाले. हैदराबादेत जन्मलेले सय्यद नईमुद्दीन हेही बचावपटू, १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत कर्णधार, आणि तिथे भारताला कांस्यपदक. त्यानंतर आशियाई खेळांत भारताला फुटबॉलचे पदक मिळालेले नाही.

मन्ना, जर्नैल, नईमुद्दीन. तिन्ही पदकांच्या आठवणीत मागच्या फळीतली माणसे आहेत. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर वहीत असे आपोआप लिहिले गेले.

राहिले अर्धे, भाकरीचे. मुंबईचा फुटबॉल पुढची कित्येक दशके जगला तो खात्यांच्या आणि कंपन्यांच्या जिवावर. रेल्वे, कस्टम्स, बँका, विमान कंपनी, महिंद्र. चांगला खेळणारा मुलगा नोकरीला लागे, सकाळी सराव, दुपारी ऑफिस, आणि पाय थकले की ऑफिसच राही. माहीम, वांद्रे, नागपाडा इथल्या कितीतरी घरांत अशा नोकरीची पेन्शन अजून येते. घरच्यांचा फुटबॉलवर विश्वास होता तो खेळावर नव्हता, मस्टरवर होता. त्यात हसण्यासारखे आम्हाला काही वाटत नाही. शिक्षकाची नोकरी आम्हीही मस्टर पाहूनच धरली.

ह्या व्यवस्थेचे शिखर म्हणजे महिंद्र युनायटेड. १९६२ मध्ये सुरू झालेल्या ह्या संघाने २००५-०६ चा राष्ट्रीय लीग जिंकला. त्यांचे प्रशिक्षक डेरिक परेरा स्वतः भारताकडून खेळलेले गोव्याचे बचावपटू. त्यानंतर चार वर्षांत, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. रोव्हर्स कप त्याआधीच, २००० नंतर, थांबला होता. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी ह्या मुंबईच्या दोन्ही खात्यांच्या संघांना आय-लीगमधून बाहेर काढण्यात आले, कारण परवान्याच्या नव्या अटींत नोकरदारांचे संघ बसत नव्हते. आता धंदेवाईक क्लबच हवे होते. नियम वाचला तर रास्त आहे. पण ज्यांच्या घरी मस्टर होते त्यांच्या हातात त्याऐवजी काय आले, हे त्या नियमात लिहिलेले नाही.

आता भेके यांची कारकीर्द ह्या पटावर ठेवून पाहा. जन्म मुंबईत, ६ डिसेंबर १९९०. वरच्या दर्जाचा फुटबॉल सुरू झाला तो एअर इंडियाकडून. ते राष्ट्रीय स्पर्धेतून गेले. मग मुंबई एफसी. २००७ मध्ये निघालेला तो क्लब २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि गुंडाळला गेला. कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे असताना इंडियन सुपर लीगच्या छोट्या हंगामांसाठी ते आधी केरला ब्लास्टर्सकडून आणि मग २०१६ मध्ये पुणे सिटीकडून खेळले. पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाले. म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्या तीन संघांनी ह्या माणसाला पंचविशीपर्यंत सांभाळले, त्यांतला एकही आज राष्ट्रीय लीगमध्ये नाही. आगगाडी पुढे गेली आणि मागची स्टेशने उखडली गेली, असे काहीसे.

ह्या काळात त्यांचे नाव फारसे छापून आले नाही. उजव्या बाजूचे बॅक, कधी मधले. २०१७ मध्ये बंगळुरू एफसीकडे गेल्यावर चित्र बदलू लागले. एप्रिल २०१८ मध्ये भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात समोर त्यांचाच जुना ईस्ट बंगाल. ईस्ट बंगालने पहिला गोल केला, बरोबरीचा गोल भेके यांनी केला आणि बंगळुरूने तो सामना ४-१ जिंकला.

पण खरी रात्र १७ मार्च २०१९ ची. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, १७ मार्च २०१८ ला, बंगळुरूने आपल्या घरच्या मैदानावर लीगचा अंतिम सामना चेन्नईयिनविरुद्ध ३-२ गमावला होता. चेन्नईयिनच्या माइल्सन आल्व्हेस ह्या बचावपटूने त्यात दोन हेडर मारले होते, दोन्ही कॉर्नरवरून. वर्षभराने बंगळुरू पुन्हा अंतिम सामन्यात, समोर एफसी गोवा, आणि मैदान अंधेरीचे, शहाजीराजे क्रीडासंकुलातले. भाईंदरहून अंधेरी म्हणजे आमच्यासाठी रोजच्या लोकलचे अंतर. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूहला लाल कार्ड मिळाले, तरी गोल नाही. पेनल्टी किक्सची तयारी मनात सुरू झाली असताना ११७ व्या मिनिटाला बंगळुरूला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोने चेंडू आत टाकला आणि भेके यांनी डोक्याने तो जाळ्यात घातला. १-०. मुंबईचा मुलगा, मुंबईच्या मैदानावर, दुसऱ्या शहराच्या संघासाठी. आम्हाला ह्या गोष्टीचा आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले. त्या हंगामात मुंबई सिटीला हा मुलगा आपल्याकडे असावा असे का वाटले नव्हते, हा प्रश्न तेव्हाही मनात आला होता.

कॉर्नरच्या वेळी बॅक पुढे का जातो, हे मुलांना समजावून सांगावे लागते. उंच माणसे पुढे जातात म्हणजे मागे दार उघडे राहते. चेंडू सुटला तर पन्नास-साठ मीटर धावत परत यायचे. गोल झाला तर टाळ्या, न झाला तर नुसतीच धाव. दर सामन्यात सात-आठ वेळा हे करायचे आणि वर्षातून दोन-तीनदा काही हाती लागायचे. जर्नैल सिंग यांना जे एकदा नाइलाजाने करावे लागले, ते आजच्या स्टॉपरचे रोजचे काम झाले आहे.

त्या अंधेरीच्या गोलानंतर तीन महिन्यांत, ५ जून २०१९ ला, थायलंडच्या बुरीरामला किंग्ज कपमध्ये कुरासाओविरुद्ध भेके पहिल्यांदा भारताकडून खेळले. वय साडेअठ्ठावीस. भारत तो सामना ३-१ हरला. आघाडीचा पोरगा अठराव्या वर्षी चमकतो, बॅकला समज यायला वेळ लागतो, असे जुने प्रशिक्षक सांगतात ते खोटे नाही. त्याच वर्षी १० सप्टेंबरला दोहा इथे विश्वचषक पात्रता सामन्यात भारताने आशियाई विजेत्या कतारला ०-० असे रोखले. सुनील छेत्री आजारी असल्याने खेळले नव्हते. त्या निकालात कंसात कोणाचेच नाव नाही. गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू यांच्यापुढे भेके, आदिल खान, संदेश झिंगन आणि मंदार राव देसाई अशी चौघांची फळी होती. त्यात गोव्याचा मंदार आणि मुंबईचे भेके. वर्गात आम्ही तो शून्य-शून्य फळ्यावर लिहिला आणि त्याच्या शेजारी ही चार नावे उर्दूत लिहिली.

आणि फक्त चांगलेच सांगायचे तर इतिहास कशाला? ३ जून २०२१, पुन्हा दोहा, पुन्हा कतार. १७ व्या मिनिटाला भेके यांना दुसरे पिवळे कार्ड, म्हणजे लाल. उरलेला सव्वा तास भारत दहा जणांनिशी खेळला आणि १-० हरला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्यांचे नाव. दोन वर्षांपूर्वीच्या ०-० ला ज्यांनी त्यांचा उल्लेख केला नव्हता त्यांनीही केला. आमच्या मुलांनी मोबाइलवर त्यांची टिंगल करणारी चित्रे आणली होती. आम्ही रागावलो नाही. फळ्यावर दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि तासाला सुरुवात केली.

त्याच वर्षी ते मुंबई सिटीकडे आले. इतकी वर्षे बाहेर काढून माणूस घरी परतला म्हणायचा. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना, समोर इराकचा एअर फोर्स क्लब. ह्याच क्लबने २०१६ मध्ये एएफसी कपच्या अंतिम सामन्यात बंगळुरूला १-० हरवले होते, आणि तो गोल हम्मादी अहमदचा होता. आता मुंबईविरुद्ध पहिला गोलही हम्मादीचाच. रमजानचे दिवस होते. आपल्याकडे तरावीह उरकून लोक घरी येत होते, आणि आम्ही खोलीत फोनचा पडदा भिंतीला टेकवून बसलो होतो. दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली. मग ७५ व्या मिनिटाला कॉर्नर आणि भेके यांचे डोके. २-१. भारतीय क्लबने ह्या स्पर्धेत जिंकलेला हा पहिला सामना, आणि विजयी गोल बॅकचा. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा पडल्या तेव्हा कळले की आम्ही ओरडलो होतो.

२०२३-२४ च्या हंगामात मुंबई सिटीच्या कर्णधाराची पट्टी भेके यांच्या दंडावर आली. सोपा हंगाम नव्हता. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेले. आशियाई लीगमध्ये सहाही सामने हरले. सौदीच्या अल-हिलालने रियाधमध्ये सहा गोल घातले, आणि मग नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर दोन. नेमार येणार म्हणून तिकिटे घेतलेली मंडळी होती. तो दुखापतीमुळे आलाच नाही. कर्णधार बॅक असला की पराभवाचा हिशोब त्याच्याच खात्यावर पडतो. गोल मारणारा म्हणू शकतो, चेंडू मिळाला नाही. बॅकला तेही म्हणता येत नाही.

लीगच्या शेवटच्या दिवशी, १५ एप्रिल २०२४ ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानने मुंबईला २-१ हरवून शील्ड नेली. तिथून तीन आठवड्यांच्या आत, ४ मे ला, त्याच मैदानावर, त्याच संघाविरुद्ध अंतिम सामना. मैदान भरलेले आणि सगळे समोरच्याच्या बाजूचे. मध्यांतराच्या तोंडावर जेसन कमिंग्सने गोल करून मोहन बागानला आघाडी दिली. दुसऱ्या अर्धात पेरेरा दियाझने बरोबरी साधली, ८१ व्या मिनिटाला बिपिन सिंगने दुसरा आणि अगदी शेवटी याकुब व्होइतुसने तिसरा. ३-१. कंसात तीन नावे आली आणि त्यांत भेके नाहीत. करंडक मात्र त्यांनी उचलला. कूपरेजचा रोव्हर्स कप एके काळी कोलकात्याचे संघ घेऊन जात, आणि आता मुंबईच्या मुलाने कोलकात्यातून करंडक आणला, हे आम्हाला गोड वाटले. इतिहासाच्या शिक्षकाने असले हिशोब मांडू नयेत, पण मांडले.

त्याच उन्हाळ्यात ते पुन्हा बंगळुरूला गेले. जिंकून देणारा कर्णधार दोन महिन्यांत दुसऱ्या संघात. जुन्या लोकांना हे पटत नाही. मन्ना १९ वर्षे एकाच क्लबात राहिले, हे खरे. पण मन्ना यांच्या मागे सरकारी नोकरी होती. करारावर जगणाऱ्याला करार संपला की पुढचा पाहावाच लागतो. निष्ठेचे धडे त्याला कोणत्या तोंडाने द्यायचे?

वय वाढत होते, तसा खेळही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध भारत मागे पडला होता, तेव्हा कॉर्नरवर हेडर मारून १-१ अशी बरोबरी भेके यांनीच करून दिली. रहीम साहेबांच्या शहरात! मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्धच्या ३-० विजयात पहिला गोल त्यांचा. तो सामना सगळ्यांना आठवतो तो छेत्रींच्या पुनरागमनामुळे, आणि ते साहजिक आहे. एप्रिलमध्ये बंगळुरू पुन्हा अंतिम सामन्यात, पुन्हा सॉल्ट लेक, आणि ह्या वेळी जादा वेळेत मोहन बागानकडून २-१ हार.

मग जुलै २०२५. लीग चालवणारी कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार संपत आला होता, नव्याचे ठरत नव्हते. पुढचा हंगाम स्थगित ठेवल्याचे जाहीर झाले. ऑगस्टच्या सुरुवातीला बंगळुरूची ती बातमी आली. त्याच ऑगस्टच्या पहिल्या दिवशी भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची नेमणूक झाली. महिंद्र, एअर इंडिया, मुंबई एफसी अशा ह्याच बंद दारांतून आलेला मुंबईचा माणूस. म्हणजे एकाच आठवड्यात मुंबईच्या फुटबॉलला देशाची सर्वांत मोठी जबाबदारी मिळाली आणि तिच्याच एका खेळाडूचा पगार अडकला. भेके खेळत राहिले. त्याच महिन्याअखेर जमील यांचा संघ ताजिकिस्तानला गेला आणि तिथल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टी किक्सवर हरवून तिसरा आला. भेके त्या संघात होते.

चार दिवसांनी ते पालक आले. आम्ही वही उघडली. जुम्मा खान, अझीझुद्दीन, नईमुद्दीन वाचून दाखवले, त्यांनी शांतपणे ऐकले. भेके यांची स्टेशने वाचली. एअर इंडिया, मुंबई एफसी, पुणे सिटी ह्या नावांपुढे आम्ही बंद झाल्याची वर्षे लिहिली होती. ती आम्ही लपवली नाहीत. लपवली असती तर त्यांनीच दुसरी कुठली तरी घडी खिशातून काढली असती.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिले लोक नोकरीवर खेळायचे म्हणता. आता कोणीच घेत नाही का?"

आम्ही सांगितले की सरकारी नोकऱ्यांत महाराष्ट्रात खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण त्या मिळायला स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात. रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. फोनवर जुनी एक जाहिरात होती ती काढली. इंग्रजीत होती, आम्ही उर्दूत समजावून सांगत गेलो. खेळाची अट, वयाची अट. शिक्षणाच्या रकान्यापाशी त्यांनी आमचा हात धरला.

"इथे काय लिहिलं आहे?"

"कमीत कमी दहावी पास."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी पुन्हा खिशात ठेवली. दाराबाहेर पोरगा उभा होता, पायात बूट, एक नाडी सुटलेली. वडिलांनी त्याला आत बोलावले आणि आमच्यासमोरच सांगितले, "संध्याकाळी सहापर्यंत मैदान. सहानंतर सरांकडे गणित." आम्ही इतिहास शिकवतो, गणित नव्हे, हे सांगायला आम्ही तोंड उघडले होते. पण तोवर पोरगा मैदानाच्या दिशेने निघून गेला होता.